व्हॅनमधला गॅसवरचा फ्रीज पेटतो पण टिकत नाही, कुणी हे प्रकरण हाताळलंय का?

गोडोलीकर_व्हॅन (सातारा)

नमस्कार मंडळी, साताऱ्यातनं लिहितोय. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचा कॅम्पर करायचं चाललंय, बेड झाले, सिंक झालं, टपावर सोलर पॅनेल पण चढलं आणि घोडं पेंड खातंय ते फ्रीजपाशी. फ्रीज बाहेरच्या देशातला थ्री-वे आहे, म्हणजे १२ व्होल्ट, घरची २३० व्होल्टची लाईन आणि गॅस, तिन्हीवर चालणारा. साठ लिटरच्या आसपासचा, जुना, सर्किट बोर्ड वगैरे भानगड नाही. नॉब दाबून धरायचा, पायझोचं (ठिणगी पाडणारं) बटण टकटक मारायचं, खालच्या बारक्या काचेतनं ज्योत दिसली की झालं, असा सगळा साधा कारभार.

लाईटवर एकदम मस्त चालतो, रात्री लावला की सकाळी बर्फ. गॅसवर मात्र नुसती नाटकं. पेटतो पटकन, पण नॉब सोडला की कधी लगेच विझतो, कधी पाच-दहा मिनिटं चालतो आणि मग बघावं तर काचेत अंधार. घरासमोर गाडी उभी असली की त्यातल्या त्यात बरा चालतो पण यवतेश्वरचा घाट चढून कासला नेली की अजिबात टिकत नाही. घरातले आता म्हणायला लागलेत की आपला थर्माकोलचा डबा आणि बर्फाची लादीच बरी होती.

सिलेंडर ५ किलोचा आहे, अर्ध्याच्या वर भरलेला. त्याच लाईनवर शेगडी आहे ती व्यवस्थित जळते, निळी ज्योत, त्यामुळं गॅसच येत नाही असं म्हणता येत नाही. एका मेकॅनिकनं सांगितलं उंचीवर हवा पातळ असते म्हणून विझतो, दुसरा म्हणाला युनिट गेलंय, भंगारात टाका. यातलं कुणाला कळत असेल तर सांगा, बामणोलीकडं जायचं ठरलंय आणि तिथं लाईटचा भरवसा नाही.

फूडट्रक_विश्रामबाग (सांगली)

भावा एवढं काय नाय त्यात, प्रेशर कमी पडतंय. माझ्या गाडीवर चायनीजची भट्टी हाय, घरगुती रेग्युलेटरवर ती पण अशीच मिणमिणायची. हाय प्रेशरचा रेग्युलेटर मिळतो बघ, वर फिरवायची चावी असती त्याला, तो बसव आन् दे दणका. विझायचं नाव घेणार नाय.

मिरजेचा_फिटर

फूडट्रकवाले दादा राग मानू नका, पण हे करू नका आणि दुसऱ्याला सांगू पण नका. भट्टीचा रेग्युलेटर एक-दोन बारपर्यंत प्रेशर सोडतो, घरगुती शेगडीचा सोडतो ३० मिलीबार, म्हणजे ०.०३ बार. भट्टीला तो दणका लागतोच, तिचं जेटच तसलं असतं. फ्रीजच्या बर्नरची ज्योत अंगठ्याएवढी पण नसते, त्याला भट्टीचं प्रेशर दिलं की ज्योत बर्नरवरनं उचलली जाते, भर्रर्र आवाज करते आणि उलट जास्त विझते. वर व्हॉल्व्हमधलं डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, फाटला तर गॅस कुठनं गळेल याचा नेम नाही, आणि गाडी म्हणजे बंद डबा.

गोडोलीकर, मी हॉटेलच्या किचनची गॅसवरची सामानं दुरुस्त करतो, फ्रायर, ओव्हन, सालामँडर असलं. तुमच्यासारखे फ्रीज पण हाताखालनं गेलेत थोडे. पहिली गोष्ट, भंगारात टाकू नका. लाईटवर बर्फ होतोय ना, मग युनिट जिवंत आहे. या फ्रीजला कॉम्प्रेसर नसतो. मागच्या नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरून सील केलेलं असतं, खालनं उष्णता दिली की अमोनिया पाण्यातनं सुटतो, वर जाऊन थंड होऊन त्याचं द्रव होतं, मग तो आतल्या नळीत उडून जाताना डब्यातली उष्णता ओढून घेतो आणि परत पाण्यात विरघळतो. खालची उष्णता हीटरनं दिली काय आणि ज्योतीनं दिली काय, वरच्या नळ्यांना सोयरसुतक नाही. म्हणजे तुमचा सगळा घोळ खालच्या हातभर जागेत आहे, व्हॉल्व्ह, जेट (गॅस सुटतो ते बारीक भोकाचं तोंड), बर्नर, थर्मोकपल (ज्योत जळतेय का ते ओळखणारी, टोक ज्योतीत असलेली बारकी नळी) आणि धुराडं. त्याच्या बाहेर शोधत बसू नका.

आता मेन मुद्दा. लोक काय करतात, फ्रीज विझला की थर्मोकपल बदल, नाही जमलं की व्हॉल्व्ह बदल, मग रेग्युलेटर बदल, पैसे संपेपर्यंत बदलत बसतात. तसं करू नका. ज्योत नेमकी कधी विझते आणि कशी विझते तेवढं बघा, तीच सांगते कुठं दुखतंय ते.

नॉब दाबून धरलाय तोवर जळते आणि सोडल्या सोडल्या जाते, तर थर्मोकपलचं काम आहे. व्हॉल्व्हमध्ये एक बारकं चुंबक असतं, थर्मोकपलचं टोक ज्योतीत लालसर झालं की त्यातनं थोडे मिलिव्होल्ट तयार होतात आणि तेवढ्या करंटवर ते चुंबक व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतं. टोक तापलं नाही, किंवा तापलंय पण करंट चुंबकापर्यंत पोचत नाही, की व्हॉल्व्ह बंद. नॉब सोडल्यावर लगेच टक असा आवाज येतो तो त्याचाच. नॉब नीट अर्धा मिनिट तरी धरताय ना? नवीन सिलेंडर लावला असेल तर पाईपमध्ये हवा असते, तेव्हा मिनिटभर पण धरावा लागतो.

ज्योत आधी पिवळी, लांबडी, डुलणारी होते आणि मग मरते, आणि टक आवाज नंतर उशिरानं येतो, तर जेट, बर्नर किंवा धुराडं चोंदलंय. फटकन फुंकर मारल्यासारखी जाते तर वारा आत घुसतोय.

आणि एक चौथा प्रकार आहे जो भल्याभल्यांना कळत नाही. फ्रीज दोन-तीन तास झकास चालतो, आत चांगला गार होतो आणि गार झाल्यावरच विझतो. तुमच्यासारख्या नॉबवाल्या फ्रीजमध्ये थर्मोस्टॅट ज्योत बंद करत नाही, लहान करतो, त्या लहान ज्योतीला गॅस एका वेगळ्या बारक्या बायपास जेटमधनं येतो. ते चोंदलं असेल तर मोठी ज्योत छान आणि लहान व्हायची वेळ आली की खेळ खल्लास. तुमचा हा प्रकार दिसत नाही पण लक्षात असू द्या.

दार उघडून आत कडेला स्टिकर असेल त्यावर गॅसचं प्रेशर लिहिलेलं असतं, ते वाचून इथं टाका. ३० लिहिलं असेल तर आपला घरगुती रेग्युलेटर चालतो. युरोपातल्या काही जुन्या गाड्यांचे फ्रीज ५० वर चालतात, त्यांना आपला रेग्युलेटर लावला की ज्योत आधीपासनंच आजारी.

कुपवाड_इलेक्ट्रिक

मी तर म्हणतो हा सगळा उपद्व्यापच सोडा राव. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज घ्या, चालू असताना ४०-५० वॅट खातो आणि गार झाला की बंद पडतो, टपावर सोलर आहेच तुमच्या. तुमचा थ्री-वे १२ व्होल्टवर लावला तर शंभर-सव्वाशे वॅट सतत ओढत बसणार, रात्रीत बॅटरी झोपली म्हणून समजा. शिवाय हे गॅसवाले फ्रीज बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस डिग्रीच खाली नेतात, आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर गेला की दूध सांभाळणं मुश्किल. युरोपात ठीक आहे, सांगलीत नाही.

मिरजेचा_फिटर

कुपवाडवाले बोलले ते खोटं नाही, उन्हाळ्यात सांगली-मिरजेला हा फ्रीज रडतो, आतलं दूध पण रडतं. पण त्यांच्याकडं फ्रीज आहे, चालतोय, आणि बामणोलीला हवा गार असते. ५ किलोच्या सिलेंडरवर एवढा फ्रीज दोन-तीन आठवडे सहज जातो, दिवसाला पाव किलोच्या आसपास गॅस लागतो. आधी आहे तो बघू, नवा घ्यायला कुणाची ना आहे.

रिटायर्ड_मास्तर_सातारा

उंचीवर हवा पातळ म्हणून विझतो हे अर्धवट खरं आहे. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, कासचं पठार बाराशेच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या वर. पाचशे मीटर चढलं की हवेचा दाब साधारण पाच-सहा टक्के उतरतो. एवढ्यानं धडधाकट ज्योत विझत नाही, पण जी खाली साताऱ्यातच रडतखडत जळत होती ती वर जाऊन मान टाकते. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हजार मीटरच्या वर गॅसवर पेटायला त्रास होऊ शकतो असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तर वरच्या मेकॅनिकचं अगदीच चूक नाही. पण कासला उंचीपेक्षा वारा जास्त छळतो, ज्यानं पठारावर छत्री उघडायचा प्रयत्न केलाय त्याला विचारा.

थोडं विषयांतर करतो, या फ्रीजची कल्पना स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांची, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स, स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना १९२२ साली त्यांनी ती मांडली. हलणारा एकही भाग नाही, आवाज नाही. आमच्या तरुणपणी लाईट न पोचलेल्या ठिकाणी रॉकेलवर चालणारे फ्रीज असायचे ते याच जातीचे, खाली वात पेटवायची आणि वर बर्फ, बघणाऱ्याला चेष्टा वाटायची. त्यात पण वात काळी धरली की फ्रीज बंद.

गोडोलीकर_व्हॅन (सातारा)

सगळ्यांचे आभार, मास्तर तुमचे पण. स्टिकर बघितला, ३० मिलीबारच लिहिलंय, आणि रेग्युलेटर घरगुती शेगडीचाच आहे, भट्टीचा नाही, त्यामुळं फूडट्रकवाले दादा सॉरी पण तुमचा सल्ला राहू दे.

काल संध्याकाळी अंधार करून काचेतनं बघत बसलो. ज्योत निळी नाहीये. खाली बुडाशी थोडी निळी आणि वर पिवळी, जरा डुलते पण. आणि विझायचे दोन्ही प्रकार आहेत, कधी नॉब सोडल्या सोडल्या टक होतो, आणि कधी चालू राहिला तर पिवळी लांब होत होत जाते आणि टक नंतर. म्हणजे दोन आजार आहेत का? शेगडी निळी आणि फ्रीज पिवळा हे कसं काय, गॅस तर एकच.

मिरजेचा_फिटर

दोन आजार असू शकतात आणि एकातनं दुसरा पण होऊ शकतो. गॅस एकच असला तरी हवा ज्याची त्याला वेगळी मिळते. जेटमधनं गॅस सुटतो तो बर्नरच्या नळीत शिरताना बाजूच्या भोकातनं हवा ओढून घेतो, ती कमी पडली की ज्योत पिवळी. पिवळी ज्योत काजळी धरते, काजळी धुराड्यात बसते, धुराडं चोंदलं की ओढ कमी, ओढ कमी की अजून पिवळी. आणि डुलणारी ज्योत थर्मोकपलच्या टोकावर धड बसत नाही, म्हणून मधेच टक. बघितलंत, एकच कारण दोन्ही ठिकाणी दिसतंय.

उघडायला लागेल. सिलेंडर बंद, रेग्युलेटर काढून ठेवा, गाडीची दारं उघडी, फ्रीज पूर्ण गार झालेला पाहिजे. बाहेरच्या बाजूची खालची जाळी काढली की बर्नर दिसेल, त्यावर पत्र्याचं झाकण असतं. झाकण काढल्या काढल्या बर्नरला हात लावायच्या आधी मोबाईलनं चार फोटो काढा, थर्मोकपलचं टोक आणि पायझोची तार कुठं आहे ते कळायला पाहिजे. मग बर्नरच्या नळीचं हवेचं भोक बघा. आपल्याकडं गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की तिथं कुंभारमाशी मातीचं घर करते, कोळी जाळं करतो. माझ्याकडं आलेल्यात निम्म्यात हेच असतं, आणि परदेशी व्हिडिओ बघून लोक हजारोंचे पार्ट मागवतात.

जेट काढलंत तर त्यात पिन, सुई, तार काही घालायचं नाही. भोक मिलिमीटरच्या बारक्या हिश्श्याचं आहे, पिन घातली की ते मोठं होतं आणि मग आयुष्यभर पिवळी ज्योत. स्पिरिटमध्ये तासभर बुडवा, बाहेर काढून हवा मारा, वाळवा, बास. बर्नरच्या चिरा जुन्या टूथब्रशनं. धुराडं वरनं साफ करा, त्यात पिळाची पत्र्याची पट्टी लोंबकळत असते, ती तारेसकट वर ओढून काढा, बाटली घासायच्या लांब ब्रशनं नळी घासा. पण आधी खाली बर्नरवर फडकं घाला, नाहीतर वरचा सगळा गंज आणि काजळी तुम्ही आत्ताच साफ केलेल्या बर्नरमध्ये. पट्टी परत घालायला विसरू नका, ती नसली तर उष्णता सरळ वर निघून जाते आणि फ्रीज गारच होत नाही.

मग थर्मोकपल. व्हॉल्व्हच्या बाजूचं टोक खोला, स्क्रूचं टोक चकाकेपर्यंत बारीक पॉलिश पेपरनं हलकं घासा. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर लावा, एक तार टोकाच्या मधल्या ठिपक्याला, दुसरी तांब्याच्या नळीला, आणि ज्योतीत जाणारं टोक लायटरनं लाल होईपर्यंत तापवा. २०-३० मिलिव्होल्ट आले तर थर्मोकपल ठणठणीत. दहाच्या आसपास रेंगाळलं तर बदला. परत बसवताना हातानं आवळून वर पाव फेरा, बास, पान्ह्यानं जोर काढलात तर आतलं इन्सुलेशन दबतं आणि नवीन पण मेलं.

सगळं जोडल्यावर साबणाच्या पाण्यानं प्रत्येक जॉइंट तपासा. काडी लावून नाही. हे सांगायला लागू नये पण सांगतो, बघितलेत मी तसले महाभाग.

वाईची_ताई

मी यातली तज्ज्ञ नाही पण आम्ही पण एक गाडी अशी करतोय, मुलं लहान आहेत म्हणून विचारते. रात्री झोपताना हा फ्रीज गॅसवर चालू ठेवायचा का? आणि गाडी चालवताना? मला तर बंद गाडीत ज्योत जळतीय या कल्पनेनंच झोप येणार नाही.

मिरजेचा_फिटर

ताई प्रश्न एकदम बरोबर आहे. फ्रीजच्या मागचा कप्पा आतल्या खोलीपासनं पूर्ण बंद पाहिजे, म्हणजे बर्नर हवा बाहेरच्या खालच्या जाळीतनं घेणार आणि धूर वरच्या जाळीतनं किंवा धुराड्यातनं बाहेर जाणार, आत एक फट पण नको. बऱ्याच घरगुती कॅम्परमध्ये सुतार नुसता खण करून फ्रीज ढकलतात, मागं सगळं आतल्याच हवेत उघडं, तसं असेल तर रात्री गॅसवर अजिबात नको. पिवळी ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वास नसतो. त्याचा अलार्म झोपायच्या उंचीवर लावा. गॅस गळतीचा अलार्म मात्र खाली जमिनीजवळ, आपला एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो, आणि म्हणूनच सिलेंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक पाहिजे.

चालत्या गाडीत गॅस बंद, १२ व्होल्टवर टाका. पेट्रोल पंपावर तर विचारायलाच नको. आणि घरचा लाल सिलेंडर गाडीत वापरू नका, तो घरगुती स्वयंपाकासाठीच असतो, पकडलं तर उगाच लफडं.

गोडोलीकर_व्हॅन (सातारा)

अपडेट द्यायला उशीर झाला, मधे गावाकडं जत्रा होती.

फिटर दादा, कुंभारमाशी! बर्नरच्या हवेच्या भोकाला अर्ध्याच्या वर मातीचं घर होतं, वाळून दगड झालेलं, आत मेलेल्या अळ्या. पलीकडनं दिसतच नव्हतं, आरसा धरून बघितलं तेव्हा कळलं. धुराड्यातनं वाटीभर तरी गंजाची खपली आणि काजळी निघाली, फडकं घातलं होतं म्हणून वाचलो. जेट स्पिरिटमध्ये टाकलं होतं. सगळं लावून पेटवलं तर ज्योत अशी निळी की उन्हात दिसेना, ताडपत्री धरून बघायला लागली.

पण नॉब सोडला की विझणं थांबलं नाही. कमी झालं, थांबलं नाही. मग मिलिव्होल्ट बघितले, लायटरवर २४ आले. म्हणजे थर्मोकपल चांगलं. फ्रीजमध्ये लावून ज्योतीवर बघितलं तर ११ च्या वर जाईना. मग फोटो मोठे करून बघितले तर कळलं की थर्मोकपल धरणारी पत्र्याची क्लिप वाकलीय, टोक ज्योतीच्या कडेला चाटतंय नुसतं, आत नाहीये. क्लिप पक्कडनं हळूच सरळ केली, टोक ज्योतीत आलं, २३ मिलिव्होल्ट. आता नॉब वीस सेकंद धरला की कधीही सोडा, राहतो.

घरासमोर एक पूर्ण दिवस आणि रात्र चालवला, एकदा पण नाही विझला. लहान ज्योत पण बघितली, थर्मोस्टॅट कमी करून मुद्दाम, ती पण टिकते.

पण कासला नेला तर परत विझला. नेहमी नाही, वाऱ्याचा झोत आला की. फटकन जातो, तुम्ही सांगितलेला तिसरा प्रकार. आता जाळीवर आतनं पुठ्ठा लावावा म्हणतोय.

फूडट्रक_विश्रामबाग (सांगली)

नाद खुळा! फिटर दादांनी फोनवर ऑपरेशन केलं राव. मी माझा सल्ला मागं घेतो, भट्टी ती भट्टी.

मिरजेचा_फिटर

पुठ्ठा लावू नका. खालची जाळी बंद केली की हवा बंद, परत पिवळी ज्योत, आणि मागच्या नळ्यांची उष्णता पण वर जायला हवा लागतेच, नाहीतर फ्रीज गार होणार नाही. शिवाय ज्योतीजवळ पुठ्ठा. सरळ उपाय असा की गाडी लावताना फ्रीजची बाजू वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. कासला पावसाळ्यात वारा पश्चिमेकडनं, त्यामुळं फ्रीजची बाजू पूर्वेला करा, निम्मा त्रास तिथंच संपेल.

दुसरं, बर्नरवरचं पत्र्याचं झाकण परत बसवलंय ना, आणि त्याच्या स्क्रूसकट? ते वाऱ्यासाठीच असतं, लोक उघडल्यावर एका स्क्रूवर लोंबकळत ठेवतात. आणि धुराड्याच्या तोंडावर टोपी आहे का बघा. वरनं वारा धुराड्यात घुसला तर ज्योत खाली दाबली जाते, ते खालच्या जाळीतनं घुसणाऱ्या वाऱ्यापेक्षा वाईट.

गोडोलीकर_व्हॅन (सातारा)

झाकण स्क्रूसकट आहे. धुराड्याला टोपी नाहीये, चिरा असलेली वरची जाळी आहे आणि तिच्या मागं धुराडं उघडंच. बहुतेक कुणीतरी आधीच काढून टाकलेली दिसते, स्क्रूची भोकं आहेत. एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारा ओळखीचा आहे त्याच्याकडनं टोपी करून घेऊ का?

मिरजेचा_फिटर

घ्या करून, पण स्टेनलेस घ्या, जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा धुरात लवकर सडतो. आणि टोपी तोंडाला चिकटवू नका, बोटभर तरी उंच पाहिजे आणि चारी बाजूनं उघडी, नाहीतर वारा अडवायच्या नादात धूरच अडवाल. टोपी बसवल्यावर ज्योत परत एकदा बघा, निळीच राहिली पाहिजे.

कुपवाड_इलेक्ट्रिक

ठीक आहे, हरलो मी. पण एक विचारतो, डोंगरात गाडी सपाट कुठं उभी राहते? हे फ्रीज तिरके चालत नाहीत म्हणतात ना?

मिरजेचा_फिटर

तिरके नाहीच चालत, पण त्याचा ज्योत विझण्याशी संबंध नाही. आतलं द्रव स्वतःच्या वजनानं परत खाली यायला पाहिजे, गाडी जास्त कललेली असली की ते मधेच अडकतं, खाली नुसतं तापत राहतं आणि हळूहळू बॉयलरची, म्हणजे ज्योतीवर तापणाऱ्या भागाची, वाट लागते. चालत्या गाडीत हिंदकळतं म्हणून तेव्हा चालतं, उभ्या गाडीत सपाट पाहिजे. चाकाखाली फळ्या घाला, फ्रीजच्या आत बारकी लेव्हलची बाटली ठेवून बघा. मागच्या नळ्यांवर पिवळे डाग दिसले किंवा डोळ्यात पाणी आणणारा अमोनियाचा वास आला तर मात्र ताबडतोब बंद करा, दारं उघडून बाहेर पडा. ते युनिट मग खरंच भंगारात, तिथं कुणीच काही करू शकत नाही.

वाईची_ताई

गोडोलीकर, तुमचा मागचा कप्पा आतून बंद आहे का हो? सांगितलं नाहीत.

गोडोलीकर_व्हॅन (सातारा)

ताई, बाजूला दोन ठिकाणी फट होती, सुतारानं प्लायवूड कापताना ठेवलेली. ॲल्युमिनियमची पट्टी आणि उष्णता सहन करणारं सिलिकॉन लावून बुजवली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवलाय, तो येईपर्यंत रात्री गॅसवर नाही.

टोपी झाली. काल चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपाशी नेऊन लावला, म्हटलं तिथं टिकला तर कुठंही टिकेल. वाऱ्याकडं तोंड करून उभा केल्यावर एकदा विझला, गाडी फिरवली मग संध्याकाळपर्यंत चालला.

ट्रॅव्हलर_इस्लामपूर

जुना धागा वर काढतोय, माफी असावी. माझा पण सेम प्रॉब्लेम, नॉब सोडला की टक. मिलिव्होल्ट लायटरवर ७-८ च येतायत म्हणजे थर्मोकपलच गेलंय. ओरिजिनल बाहेरनं मागवायचं म्हणजे लई महाग आणि महिनाभर थांबा. लोकल मिळतं का काही?

मिरजेचा_फिटर

मिळतं. हॉटेल किचनचं सामान विकणाऱ्यांकडं विचारा, फ्रायरला आणि ओव्हनला लागतं तेच असतं, काही शेकड्यांत काम होतं. जुनं काढून सोबत न्या, तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत, व्हॉल्व्हकडचा आटा, नळीची लांबी आणि ज्योतीकडचं टोक कसं बसतं ते. आटा बहुतेक ८, ९ किंवा १० मिलिमीटरचा, एक मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) असतो, डोळ्यानं सारखेच दिसतात म्हणून व्हर्नियर लावून बघा किंवा दुकानातच हातानं फिरवून बघा, न अडकता गेलं पाहिजे. लांबी थोडी जास्त चालते, उरलेली नळी मोठ्या गोलात वळवून ठेवा, काटकोनात दुमडू नका. लांबीला कमी मात्र चालत नाही.

ट्रॅव्हलर_इस्लामपूर

मिळालं सांगलीत, ९ चा आटा होता. बसवलं, राहतोय. धन्यवाद दादा.